चौथ्या वर्षाचं काय करायचं?



तिसऱ्या वर्षाच्या परीक्षा जवळ आल्या की स्टाफरूमच्या दाराशी पालक घुटमळायला लागतात. पूर्वी त्यांचे प्रश्न ठरलेले असायचे: एम.ए.ला कुठे घालू, एम.एस्सी.ला नंबर लागेल का, बी.एड. केलेलं बरं का. आता प्रश्न बदललाय. "मॅडम, हे चौथ्या वर्षाचं काय नवीन निघालंय? करू द्यायचं का?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते आणि थोडा संशयही. कॉलेजवाल्यांना आणखी एका वर्षाची फी हवी असेल, असा. या संशयाचा मला राग येत नाही. पैसा तुमचा आहे, वर्ष तुमच्या मुलाचं आहे. खोदून खोदून विचारलंच पाहिजे.

पण दारात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

आधी नियमांचं उरकून घेते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचा चार वर्षांचा पर्याय आणला. आपल्या महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी नवी रचना २०२३-२४ पासून घेतली, संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून. म्हणजे स्वायत्त कॉलेजातली पहिली तुकडी २०२६-२७ ला चौथ्या वर्षाच्या उंबऱ्यावर येते आणि आपल्यासारख्या बाकीच्यांची २०२७-२८ ला. तीन वर्षं झाली, किमान १२० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मिळणारे अंक) जमले की नेहमीची पदवी हातात पडते. ती पूर्ण पदवी आहे, अर्धवट शिक्षण नव्हे. एवढं डोक्यात पक्कं ठेवा, कारण "चौथं वर्ष नाही केलं तर पदवीला किंमत राहणार नाही" अशी अफवा मी स्वतः ऐकली आहे. चौथं वर्ष केलं, क्रेडिट १६० वर गेले की पदवीला ऑनर्स लागतं. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त असतील तर संशोधनासह ऑनर्स करता येतं. त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. ज्यांना संशोधन नको, ते त्याऐवजी आणखी विषय घेतात.

इंजिनिअरिंगच्या मुलांचं ऑनर्स वेगळं बरं का. त्यांचा कोर्स मुळातच चार वर्षांचा. तिथे त्याच चार वर्षांत १८ ते २० क्रेडिट जास्तीचे करून ऑनर्स मिळतं. शेजारच्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला असेल तर त्याच्या ऑनर्सची आणि तुमच्या मुलीच्या ऑनर्सची तुलना करू नका.

आता वर्षांचा हिशेब, कारण खरी धास्ती तिथेच आहे. मुलीला पुढे एम.ए. किंवा एम.एस्सी. करायचंच असेल तर पूर्वी तीन अधिक दोन अशी पाच वर्षं लागायची. ऑनर्स केलं तर पुढची पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते. चार अधिक एक, पाचच. वर्ष वाया जात नाही, इकडचं तिकडे होतं. ऑनर्सला ७५ टक्के असतील तर नेट देता येते आणि थेट पीएच.डी.च्या प्रवेशालाही उभं राहता येतं. मुलाला मात्र पदवीनंतर पुढे शिकायचंच नसेल तर हे वर्ष निव्वळ वाढीव आहे. हे मी लपवत नाही.

आणि "हे धोरण टिकेल का?" असं विचारणाऱ्या पालकांचंही काही चुकत नाही. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि २०१४ मध्ये ती गुंडाळली. त्या एका वर्षाच्या मुलांची काय तारांबळ उडाली ते सगळ्यांनी वर्तमानपत्रांतून वाचलं. २०२२ मध्ये ती तिथे पुन्हा आली. या वेळी ती एका विद्यापीठाची नाही, देशभराच्या धोरणाची आहे, एवढा फरक आहे खरा.

झाले नियम. मला बोलायचंय ते मात्र नियमांच्या पुढचं.

तुमचं मूल बालवाडीपासून आजवर हजारो प्रश्नांना सामोरं गेलं. त्यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुणाकडे तरी तयार होतं. गाईडमध्ये होतं, क्लासच्या नोट्समध्ये होतं, पेपर तपासणाऱ्याकडच्या आदर्श उत्तरपत्रिकेत होतं. मुलाने ते शोधायचं, पाठ करायचं आणि वेळेत लिहायचं. यात हुशार ठरलेलं मूल ऑनर्सच्या प्रकल्पाला येतं आणि पहिल्यांदाच असा प्रश्न हातात घेतं, ज्याचं उत्तर समोर बसलेल्या मॅडमनाही माहीत नसतं. तिथे ते गडबडतं. चांगल्या मार्कांची मुलं तर जास्तच गडबडतात. माझ्या मते या वर्षाची खरी कमाई त्या गडबडण्यात आहे. तुम्हाला घरी दिसतं ते असं: पोरगं खिडकीशी नुसतं बसलंय, लॅपटॉप उघडा आहे आणि दोन तासांत एक ओळ झालेली नाही.

चौथ्या वर्षाची मुलं आमच्याकडे अजून यायची आहेत. पण नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आधीच आलाय, आणि एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांचे प्रबंध तर आम्ही वर्षानुवर्षं पाहतोय. त्यामुळे काय होतं ते मी बघितलेल्या मुलांवरूनच सांगते.

अर्थशास्त्राची एक मुलगी. नाव सांगत नाही, गावात सगळे ओळखतात. तिने विषय घेतला आपल्या आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या बायकांचा. छापील प्रश्नावली तयार केली. नाव, वय, शिक्षण, मासिक उत्पन्न, मासिक खर्च. पहिल्या बाजाराला गेली आणि रडवेली होऊन परत आली. कुणी धड बोललंच नाही. "मासिक उत्पन्न किती?" म्हटलं की बाई समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळायची. एकीने तर विचारलं, "तू रेशनकार्डवाल्यांकडची का गं?" मी तिला कागद बाजूला ठेवून नुसती जाऊन बस म्हटलं. पुढच्या बाजाराला ती एका मावशीशेजारी पोत्यावर बसली आणि मेथीच्या जुड्या बांधू लागली. तासाभराने तिला कळलं, की या बायकांचा हिशेब महिन्याचा नसतोच. तो त्या दिवसाचा असतो. सकाळी टेम्पोवाल्याला किती दिले, जागेची पावती कितीची फाडली, दुपारनंतर भाव किती उतरवला, संध्याकाळी काय उरलं. मग तिने प्रश्न बदलला. "आज किती जुड्या उरल्या?" या एका प्रश्नावर बायका धो धो बोलायला लागल्या. उरलेली भाजी परत न्यायची तर टेम्पोचं भाडं, टाकून द्यायची तर जीव होत नाही, म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात मातीमोल भावाने द्यायची. कोण कोणाला किती देतं, कुणाची उधारी कुणाकडे, सगळं बाहेर आलं.

प्रश्नावली फाडली तिने. नवी केली, तीही जवळजवळ बोलीभाषेत. नंतर जिल्हा गॅझेटियर काढून बसली, तर आपल्या गावच्या बाजाराची नोंद त्यात सापडली. शोधगंगेवर जाऊन मराठीतले दोन प्रबंध वाचले. शोधगंगा माहीत नसेल तर सांगते: देशातल्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलेले आहेत. तुमच्या मुलाला आज संध्याकाळीच दाखवा.

तिच्या सादरीकरणाच्या दिवशी बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "या बायका निवडल्या कशा तुम्ही?" वर्षभरापूर्वीची ती असती तर काहीतरी इंग्रजी शब्द ठोकून दिला असता. ती म्हणाली, "सर, ज्या बोलल्या त्या घेतल्या. ज्यांना बोलायला वेळ नव्हता त्या सुटल्या, आणि बहुतेक त्यांचाच धंदा जास्त असणार. त्यामुळे माझे आकडे थोडे कमीच असतील." सरांनी मान डोलावली आणि पुढच्या पानावर गेले. मार्क किती पडले ते आता मला आठवत नाही. ते वाक्य आठवतं.

दुसरा मुलगा सूक्ष्मजीवशास्त्राचा. कडुनिंबाच्या पानांचा अर्क काढायचा आणि तो जिवाणूंची वाढ रोखतो का ते पाहायचं. या विषयावर शेकडो पोरं काम करतात. आम्ही शिक्षक त्यावर हसतोही. पानं वाळवून, कुटून त्याने अल्कोहोलमध्ये अर्क काढला. आगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर जिवाणू पसरले, छोटे खड्डे पाडून त्यात अर्क भरला, प्लेट रात्रभर ३७ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवली. सकाळी खड्ड्याभोवती स्वच्छ गोल वर्तुळ. जिवाणू तिथे वाढलेच नव्हते. लॅबमध्ये टाळ्या. फोटो घरी गेला, घरून पेढ्यांची भाषा आली. मग लॅबमधल्या मॅडमनी विचारलं, "नुसत्या अल्कोहोलचा खड्डा केला होतास?" केला नव्हता. दुसऱ्या दिवशी केला. तर नुसत्या अल्कोहोलभोवतीही तेवढंच वर्तुळ! म्हणजे त्याच्या प्लेटवर दिसत होतं ते कडुनिंबाचं काम नव्हतं, अल्कोहोलचं होतं.

पोरगं दोन दिवस कॉलेजला आलं नाही. वडिलांचा फोन आला: "पहिला फोटो आहे ना, तोच लावू द्या की." त्यांचा हेतू वाईट नव्हता, पोराचं वर्ष वाचवायचं होतं. मी म्हटलं, त्याला ठरवू दे. तिसऱ्या दिवशी तो आला, अर्क वाळवून अल्कोहोल उडवून टाकण्याची सोय करून पुन्हा कामाला लागला. वर्तुळ आलं, पण बारीक. त्याने रिपोर्टमध्ये दोन्ही प्लेट शेजारी शेजारी छापल्या आणि पहिल्या फोटोखाली तो का खोटा आहे ते लिहिलं.

वयाच्या विशीत स्वतःचा आवडता निष्कर्ष स्वतःच मोडायला शिकणं ही साधी गोष्ट नाही. आपल्यातल्या कितीजणांना पन्नाशीतही ते जमत नाही.

खऱ्या वस्तूला हात घालून प्रश्न विचारला की माणूस कुठवर जातो, याचं एक मोठं उदाहरण सांगते. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मुळात गणितज्ञ. पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकवत. संख्याशास्त्र नुसतं पुस्तकातून समजेना म्हणून त्यांनी खरीखुरी वस्तू हातात घेतली: प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी. नाणं हातोहात फिरताना झिजतं, त्याचं वजन घटतं. मग भरपूर नाणी काटेकोर तोलली तर कोणतं किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येईल का? तोलत बसले. त्या तोलण्यातून ते ही नाणी पाडणाऱ्या राजांकडे वळले, राजांकडून समाजाकडे, आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक आलं. त्याने पुढच्या इतिहासकारांची वाट बदलली. आता विचार करा, गणिताचा मास्तर तराजूवर जुनी नाणी ठेवतोय, हे पाहून घरच्यांना काय वाटलं असेल!

तुमचं मूल कोसंबी होणार नाही. बाजारात बसलेली माझी विद्यार्थिनीही झाली नाही, ती आज पतसंस्थेत आहे. पण नाणी तोलायची सवय एकदा हाताला लागली की पतसंस्थेतही ती उपयोगी पडते.

आता घरातलं बोलू. पण त्यासाठी सुरुवात जरा लांबून करते.

ऑनर्सची कल्पना अमेरिकेत रुजवली ती फ्रँक आयडेलॉट यांनी. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले हे गृहस्थ १९२१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्वॉर्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तिथे ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला. तयारीच्या मुलांनी शेवटच्या दोन वर्षांत लहान लहान गटांत बसायचं, स्वतः लिहिलेलं इतरांपुढे मांडायचं, त्यावर वाद घालायचा. आणि शेवटची परीक्षा कॉलेजचे प्राध्यापक घेणार नाहीत, बाहेरून आलेले तज्ज्ञ घेतील. ही पद्धत तिथे आजही आहे. यातली खुबी माझ्या उशिरा लक्षात आली. परीक्षा घेणारा बाहेरचा असला की शिक्षक आणि विद्यार्थी टेबलाच्या एकाच बाजूला येतात. मुलाला शिक्षकाला खूश करायची गरज राहत नाही. "मॅडम, मला हे पटत नाही" असं ते म्हणू शकतं.

हे वाक्य मुलाच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडतं तेव्हा त्याचा आवाज कापतो. दुसऱ्यांदा कापत नाही. आणि तिसऱ्यांदा ते घरी म्हणतं.

इथे तुमची परीक्षा सुरू होते. व्हॉट्सॲपवर मामांनी पाठवलेला मेसेज तुम्ही मोठ्याने वाचून दाखवता आणि पोरगी विचारते, "कशावरून?" तुम्ही म्हणता, बाजारात आता भाजीवाल्या येईनाशा झाल्या, सगळ्यांना घरबसल्या पैसे मिळतात, ती म्हणते, "बाबा, तुम्ही मोजल्यात का?" आपल्याकडे याला उलट उत्तर म्हणतात. कधीकधी ते असतंही, नवीन शिकलेलं मूल जरा शेफारतंच. पण बहुतेक वेळा ती तुमचा अपमान करत नसते. कॉलेजात तिला रोज हाच प्रश्न विचारला जातो, तिला तो लागलाय. ज्यांना जमेल त्यांनी म्हणावं, "नाही मोजल्या. तू सांग." माझ्या ओळखीतल्या एका वडिलांनी असं म्हटलं, आणि त्या दिवसापासून मुलगी जेवताना त्यांच्याशी कामाबद्दल बोलायला लागली, असं त्यांनीच मला सांगितलं.

आणखी एक. "किती झालं?" हे रोज विचारू नका. संशोधनाचं काम पानांत मोजता येत नाही. महिना महिना काही होत नाही, मग आठ दिवसांत अर्धं होतं. विचारायचंच असेल तर "आज कुठे अडलं?" असं विचारा. उत्तर तुम्हाला समजणार नाही कदाचित. समजायची गरजही नाही. समजावून सांगताना मुलालाच ते उलगडतं. शाळा न शिकलेल्या आईला प्रबंध समजावून सांगत सांगत ज्याचा अडलेला तिसरा भाग सुटला, असा एक मुलगा मी पाहिलाय. आई मध्येमध्ये म्हणायची, "पण मग त्याचं काय झालं?" तेवढं पुरलं.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. शहरातल्या काही झेरॉक्सच्या दुकानांत तयार प्रकल्प मिळतात. नाव बदलून, बाइंडिंगसकट. आता तर फुकटात लिहून देणारी यंत्रंही आलीत. पोरगं ताणात असलं की घरातलंच कुणीतरी म्हणतं, "देऊन टाक हजार-दोन हजार, सुटका कर." असं करू नका. पकडले जाण्याची भीती आहेच; विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत, उचलेगिरी सॉफ्टवेअरवर तपासली जाते आणि मजकूर दहा टक्क्यांच्या वर जुळला की कारवाई सुरू होते. पण समजा नाही पकडलं गेलं. मग तुम्ही वर्षाची फी भरून, खोलीभाडं आणि मेसचे पैसे देऊन मुलाला त्याच जागी ठेवलंत, जिथे ते तिसऱ्या वर्षी होतं. त्यापेक्षा तिसऱ्या वर्षीच पदवी घेऊन बाहेर पडलेलं बरं.

आणि खरंच, काहींनी बाहेर पडलेलंच बरं. ज्याला एमपीएससी करायची आहे, तलाठी भरतीची तयारी करायची आहे, त्याला पदवी लागते, ऑनर्स लागत नाही. "असू दे जोडीला" म्हणून चौथं वर्ष घेतलं की दोन्हीकडचं अर्धवट होतं. अमुक एका नात्यातल्या मुलीने केलं म्हणून करू नका. ज्या घरात मुलाच्या कमाईची आज गरज आहे, तिथे तर अपराधी वाटून घेऊच नका. क्रेडिट तुमच्या मुलाच्या नावावर जमा राहतात. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स त्यासाठीच आहे.

करायचं ठरवलंत तर कॉलेजला प्रश्न विचारा. आमच्यासारख्यांना अडचणीत टाकणारे विचारा. आमच्या मुलीच्या विषयात पीएच.डी.चं मार्गदर्शन करू शकणारे किती जण आहेत? ते कायम नोकरीत आहेत की तासिका तत्त्वावर? तासिका तत्त्वावर काम करणारे कितीतरी शिक्षक आमच्यापेक्षा जास्त जीव ओततात, मी रोज बघते. पण त्यांची नेमणूक वर्षाचीही नसते, आणि अर्ध्या प्रकल्पात गाईड बदलला तर मुलीचे हाल होतात. एका गाईडकडे मुलं किती? ग्रंथालय संध्याकाळी उघडं असतं का? प्रयोगशाळेत रसायनं वेळेवर येतात का, की पोरांनी स्वतःच्या पैशाने आणायची? आमच्या विभागात आता दोनच कायम प्राध्यापक आहेत; म्हणून मी स्वतः काही विद्यार्थ्यांना सांगितलंय, की तुमच्या विषयाला शेजारच्या जिल्ह्यातलं कॉलेज बरं पडेल. प्राचार्यांना ते फारसं आवडलेलं नाही.

भाषेची भीती बाळगू नका. इंग्रजी कच्चं म्हणून संशोधन जमणार नाही, असं खेड्यातून आलेल्या मुलांना वाटतं आणि पालकांनाही. कला शाखेत अनेक विद्यापीठांत प्रबंध मराठीत लिहिता येतो. भाजीवाल्यांच्या बाजारावरचं ते काम मराठीतच होतं आणि त्यात एकही वाक्य उसनं नव्हतं. वाचायला मात्र इंग्रजी लागतं. ते वर्षभर रोज थोडं थोडं वाचून येतं, येताना मी पाहिलंय.

७५ टक्क्यांचं एक सांगून ठेवते, कारण ते तिसऱ्या वर्षी सांगून उपयोग नसतो. ही अट सहा सत्रांच्या एकूण गुणांवर आहे. पहिल्या वर्षी गंमत म्हणून घालवलेलं सत्र तिथे येऊन उभं राहतं. पण उलटही होतं. टक्के टिकवण्यासाठी मुलं सोपे मायनर (दुय्यम) विषय, सोपे ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक) विषय घेतात, आणि चौथ्या वर्षी कळतं की प्रकल्पाला लागणारं संख्याशास्त्र कधी शिकलोच नाही. ज्यांची मुलं आता पहिल्या वर्षाला आहेत त्यांनी विषय निवडताना एकदा विभागात येऊन बसावं. आम्ही असतो.

मुलींच्या पालकांशी थोडं स्वतंत्र बोलायचंय. तिसरं वर्ष संपता संपता स्थळं यायला लागतात हे मला ठाऊक आहे. "अजून एक वर्ष" म्हटलं की आजी म्हणते, चांगलं स्थळ हातचं जाईल. मुलाच्या बाबतीत चौथ्या वर्षाचा प्रश्न पैशाचा असतो, मुलीच्या बाबतीत तो वयाचा होऊन बसतो. एकवीस-बावीस हे काही वय नव्हे, हे तुम्हालाही माहीत आहे. अडचण लोक काय म्हणतील याची असते. मग लोकांना सांगायला एक सरळ वाक्य देते, वापरून बघा: "तिचं ऑनर्स चालू आहे, पुढच्या जूनपर्यंत आम्ही कुठलंही स्थळ बघत नाही." तारीख सांगितली की लोक गप्प बसतात, असा माझ्या एका पालकमैत्रिणीचा, मुलीच्या एम.ए.च्या वेळचा, अनुभव आहे. तिच्या मुलीला प्रबंधाच्या त्या एका वर्षात शेताच्या बांधावर जाऊन अनोळखी माणसांशी बोलावं लागलं, रात्री आठच्या एसटीने एकटीने परत यावं लागलं, विद्यापीठातल्या कार्यालयात जाऊन अडकलेला कागद सोडवून आणावा लागला. पहिल्या खेपेला वडील बरोबर गेले होते. दुसऱ्या खेपेला तिने त्यांना स्टॅंडवरूनच परत पाठवलं. नंतर स्थळं आली तेव्हा मुलाला काय काय विचारायचं याची यादी तिनेच केली, आणि ती यादी बघून तिची आई मला म्हणाली, "ही तुमचीच प्रश्नावली दिसतेय!"

नोकरीची हमी मी देऊ शकत नाही. चार वर्षांचं ऑनर्स बघून कुठला मालक पगार वाढवून देईल हे सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून जपून राहा. ही पदवी आपल्याकडे अजून नवी आहे, तिचा बाजारभाव ठरायला काही तुकड्या बाहेर पडाव्या लागतील. मी सांगू शकते ते एवढंच, की मुलाखतीला बसल्यावर "तुम्ही शेवटचं काम कोणतं केलंत?" या प्रश्नावर अशा मुलाकडे बोलायला काहीतरी स्वतःचं असतं.

शेवटचं, सादरीकरणांचं. आमच्या विभागात प्रकल्पांची सादरीकरणं वर्षाच्या अखेरीस होतात आणि पालकांना मागच्या बाकांवर बसायला आम्ही मोकळीक देतो. तुमच्याही कॉलेजात विचारून बघा. दुकान अर्धा दिवस बंद ठेवावं लागेल, रजा टाकावी लागेल, पण या. मोबाइलवर शूटिंग करू नका, पोरं घाबरतात. चहा कॅन्टीनचा आहे, फार अपेक्षा ठेवू नका. आणि बाहेरचे परीक्षक "कुणाला काही विचारायचंय का?" म्हणाले, तर संकोच न करता हात वर करा.